रात्रीचं उड्डाण, एक्सप्रेसवे आणि झोपेचा हिशोब

प्रश्न असा आहे: "मुलगी एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. आम्ही कोथरूडला राहतो, तिचा बेस मुंबई. रात्रीच्या ड्युट्या लागोपाठ लागतात. सकाळी साडेअकराला घरी येते, पण झोप अर्धवट होते. दुपारी एकला जेवायला उठवलं की चिडचिड करते. नियमाप्रमाणे बारा तास विश्रांती मिळते म्हणतात. मग इतका थकवा कसा? झोपेची गोळी द्यावी का? पहाटेच्या ड्युट्या मागून पुण्याचा बेस घेतला तर बरं पडेल का?"

सगळ्यात आधी एक काम आजपासूनच करा. तिला एक वाजता जेवायला उठवू नका. ताट झाकून ठेवा. रात्र जागून आलेल्या माणसाच्या दिवसाच्या झोपेत पहिले तीन-चार तासच खरे भरीव असतात. ते मधून तोडले, तर वर दोन तास अंथरुणात पडून राहिलं तरी भरपाई होत नाही.

आता बारा तासांचं पाहू. नियमातली विश्रांती म्हणजे एक ड्युटी संपल्यापासून पुढच्या रिपोर्टिंगपर्यंतचा, म्हणजे ड्युटीवर हजर होईपर्यंतचा वेळ. बेसवर, म्हणजे जिथून तिच्या ड्युट्या सुरू होतात त्या विमानतळावर, ही विश्रांती किमान १२ तास किंवा आधीची ड्युटी जितकी लांब तितकी, यातली जी मोठी ती. घर ते बेस हा प्रवास त्या विश्रांतीतूनच वजा होतो. अंधेरीत राहणाऱ्याला हे अंतर अर्ध्या तासाचं, कोथरूडकराला चार तासांचं. कागदावर विश्रांती मात्र दोघांची सारखीच.

मुंबई-दुबई-मुंबई अशी एक साधी रात्र घ्या. मुलगी सकाळी सातला उठली. रिपोर्टिंग २२:३० ला. चांदणी चौकातली गर्दी, घाटातला एखादा बंद पडलेला कंटेनर आणि मुंबईत शिरतानाचं ट्रॅफिक धरून ती १७:३० ला घरातून निघाली. २३:३० ला उड्डाण, भारतीय वेळेने २:४५ च्या सुमारास दुबईत लँडिंग, ४ वाजता परतीचं उड्डाण आणि ६:४५ ला मुंबईत लँडिंग. साडेसातला ती मोकळी झाली. नियमात सगळं बसतं: रात्रीच्या ड्युटीची उड्डाण वेळ ८ तासांच्या आत, ड्युटी १० तासांच्या आत, लँडिंग दोनच. पण मुंबईच्या धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा तिला जागून पावणेचोवीस तास झालेले आहेत. सलग १७ तास जागरण झालं की प्रतिक्रियेचा वेग आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं मंदावतं आणि २४ तासांच्या आसपास ०.१० टक्क्यांइतकं, हे १९९७ पासून प्रयोगांनी माहीत आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

पुढे ती साडेअकराला कोथरूडला पोचते, आंघोळ करते, साडेबाराला आडवी होते. त्याच रात्री पुन्हा २२:३० चं रिपोर्टिंग असेल तर १७:३० ला पुन्हा निघायचं. म्हणजे झोपायला फार तर चार तास, तेही शरीराच्या घड्याळाच्या विरुद्ध वेळी. त्यात तुम्ही एकला उठवता. दोष तुमचा नाही, पण गणित हे असं आहे.

झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक म्हणजे जागेपणी मेंदूत साठत जाणारा झोपेचा दाब. तो ॲडेनोसिन नावाच्या रसायनाशी जोडलेला आहे आणि झोपेनेच उतरतो. दुसरी म्हणजे मेंदूतलं घड्याळ, जे मुख्यतः डोळ्यांत जाणाऱ्या प्रकाशावर चालतं. पहाटे साधारण २ ते ६ या वेळात शरीराचं तापमान आणि सतर्कता तळाला असतात. विमान वाहतुकीच्या नियमांत या वेळेला वेगळं नाव आहे, क्रू तिला 'डब्ल्यूओसीएल' (विंडो ऑफ सर्केडियन लो) म्हणतो. सकाळी घरी आल्यावर झोपेचा दाब भरपूर असतो, म्हणून पडल्या पडल्या डोळा लागतो. पण तीन-चार तासांनी दाब उतरतो आणि घड्याळ 'दिवस आहे, ऊठ' म्हणू लागतं. म्हणून दिवसाची झोप आपोआपच रात्रीपेक्षा दोनेक तास कमी भरते. इच्छाशक्ती किंवा सवय याला फारशी पुरत नाही. वीस वर्षं रात्रपाळी करणाऱ्यांतही हे घड्याळ बहुतेकांचं उलटत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी ते सगळ्यांसारखं उन्हात वावरतात.

आता उपाय. यातला सर्वांत मोठा उपाय औषधांच्या दुकानात मिळत नाही. रात्रीची ड्युटी असेल तेव्हा तिने पुण्याहून थेट विमानावर जाऊ नये, आणि दोन रात्री लागोपाठ असतील तर मधल्या दिवशी पुण्याला येऊ नये. मरोळ किंवा अंधेरी पूर्वेला दोन-तीन जणींनी मिळून एक फ्लॅट किंवा नुसती खोली घ्यावी. भाडं जड वाटेल, पण प्रत्येक फेरीचे आठ-नऊ तास आणि टॅक्सीचं भाडं त्यासमोर मांडून बघा. युरोपच्या नियमांसोबतच्या मार्गदर्शनातही सांगितलं आहे की घर ते बेस नेहमी ९० मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या राहण्याची सोय करण्याचा विचार क्रूने करावा. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ ला बफलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले. त्यातली फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून नेवार्कपर्यंत देश ओलांडून ड्युटीला आली होती, हे चौकशीत पुढे आलं. त्यानंतर तिथले नियम नव्याने लिहिले गेले आणि जानेवारी २०१४ पासून किमान १० तास विश्रांती, त्यात ८ तास अखंड झोपेची संधी, असं बंधन आलं.

तीच दुबईची रात्र आता वेगळी लावू. सकाळी नऊ-दहाला पुणे सोडायचं, दीड-दोनपर्यंत खोलीवर पोचायचं, हलकं खायचं आणि १४:३० ते १७:३० झोपायचं. एक ते चार हा वामकुक्षीचा वेळ पुणेकरांनी उगाच निवडलेला नाही. दुपारी सतर्कतेत एक छोटा उतार असतो, त्याचा फायदा घ्यायचा. संध्याकाळी सहा ते नऊ मात्र मेंदू झोपेला सर्वांत जास्त विरोध करतो. 'निघण्याआधी सातला तासभर पडते' हा बेत म्हणूनच बहुतेक वेळा फसतो. दुपारी अडीच तास झोप लागली, तर लँडिंगच्या वेळी सलग जागरण पावणेचोवीसऐवजी सव्वातेरा तासांचं असेल. ड्युटी तीच, विमान तेच.

ड्युटीला निघण्याआधी स्वतःला तपासायला एक सोपं मोजमाप आहे. तिने ते फोनवर लिहून ठेवावं. गेल्या २४ तासांत किमान ५ तास झोप झाली का? गेल्या ४८ तासांत किमान १२ तास झाली का? आणि शेवटचं उठल्यापासून ड्युटी संपेपर्यंतचे तास हे त्या ४८ तासांतल्या एकूण झोपेपेक्षा कमी आहेत का? पहिल्या वेळापत्रकात दोन रात्रींची १४ तास झोप आणि ड्युटी संपेपर्यंत साडेचोवीस तास जागरण, म्हणजे तिसऱ्या प्रश्नावर नापास. दुसऱ्यात साडेसोळा तास झोप आणि चौदा तास जागरण, पास. अंथरुणात पडून फोन बघितलेला वेळ झोपेत धरायचा नाही.

विमानात काय करायचं ते थोडक्यात, कारण तिथे तिच्या कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल अंतिम. कॉफी हे औषध समजून घ्यावं. कॅफिनला चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं रक्तात असतं. सकाळी पावणेनऊला खोलीवर झोपायचं असेल तर शेवटची कॉफी दुबईत विमान उभं असताना, तीन-साडेतीनच्या आत. चारनंतर चहासुद्धा नको, आपल्या कपभर चहातही ३० ते ५० मिलिग्राम कॅफिन असतं. पहाटे तीनला क्रू मीलची पूर्ण ट्रे संपवू नये. त्या वेळी पचनही मंद असतं आणि जड जेवणाची सुस्ती नेमकी अप्रोचच्या, म्हणजे लँडिंगसाठी खाली उतरण्याच्या वेळी गाठते. केबिनची हवा फार कोरडी असते, म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेवावी.

कॉकपिटमध्ये आळीपाळीने घ्यायची ठरवलेली डुलकी म्हणजे कंट्रोल्ड रेस्ट. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तिची परवानगी आणि पद्धत असेल तरच घ्यायची. क्रूझमध्ये, म्हणजे ठरलेल्या उंचीवरच्या सरळ उड्डाणात, काम कमी असताना, ऑटोपायलट चालू, खुर्ची कंट्रोल्सपासून मागे, दुसऱ्या वैमानिकाला नीट सोपवून आणि केबिन क्रूला कळवून. केबिन क्रूने ठरलेल्या वेळी कॉकपिटला कॉल करायचाच, कारण जागा राहिलेलाही पेंगू शकतो. वेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या आत, आणि उठल्यावर वीस मिनिटं काहीही महत्त्वाचं हाती घ्यायचं नाही. नासाच्या प्रसिद्ध प्रयोगात वैमानिकांना ४० मिनिटांची संधी दिली होती. सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि पुढच्या टप्प्यात त्यांची सतर्कता स्पष्ट सुधारली.

हे इतकं काटेकोर का, ते मंगळूरच्या अपघातावरून कळतं. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ सकाळी सहाच्या सुमारास टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरच्या) धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १५८ जण मृत्युमुखी पडले, ८ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर कॅप्टनचं घोरणं ऐकू आलं. दीड तासाहून जास्त काळ कॅप्टन झोपलेले होते. इतकी लांब झोप माणसाला गाढ टप्प्यात नेते. तिथून उठल्यावर मेंदू काही काळ धुक्यात असतो, त्याला झोपेची जडता म्हणतात. विमान उंच आणि वेगात येत असताना फर्स्ट ऑफिसरने तीनदा 'गो-अराउंड' (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) सुचवूनही लँडिंग चालूच राहिलं. अवेळी, बेत न करता आणि लांब, असे डुलकीचे तिन्ही दोष तिथे एकत्र होते. फर्स्ट ऑफिसरच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल या नजरेने वाचावा.

थकव्याचं सर्वांत वाईट लक्षण असं की थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा नीट कळत नाही. 'मी ठीक आहे' ही भावना कामगिरीपेक्षा बरीच उशिरा घसरते. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या खुणा एकमेकांना सांगायच्या: एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या) सूचनेचा रीडबॅक, म्हणजे ती परत म्हणून दाखवणं, अर्धं राहणं, फ्रिक्वेन्सी दोनदा विचारणं, चेकलिस्टची ओळ गळणं, एकाच स्क्रीनवर नजर खिळणं, बोलणं अचानक कमी होणं. सूक्ष्म झोप काही सेकंदांचीच असते आणि त्यात डोळे उघडेसुद्धा असू शकतात. अप्रोचला विमानाचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर असतो, म्हणजे चार सेकंदांत २८० मीटर कोणाच्याही लक्षाविना. केबिन क्रूमध्ये हीच चूक दरवाज्यावर होते. पाचव्या-सहाव्या तासाला हात सवयीने चालतात, दाराची आपत्कालीन घसरगुंडी बंद (डिसआर्म) न करताच दार उघडलं जातं आणि ती बाहेर फुगते. सगळी ड्युटी पायांवर काढणाऱ्या या मुलामुलींचा थकवा चर्चेत फार कमी येतो, याचं वाईट वाटतं.

लँडिंगनंतरचा धोका रस्त्यावर असतो. रात्र काढून स्वतः गाडी चालवत एक्सप्रेसवेवर येणं मला कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही. सरळ रस्ता, एकसुरी आवाज आणि सकाळचं ऊन डोळ्यांवर, असं सगळं झोपेच्या बाजूनेच असतं. खिडकी उघडणं आणि गाणी लावणं यांचा परिणाम काही मिनिटांपुरता असतो. मुंबईला झोपूनच निघावं. अगदीच निघावं लागलं तर टॅक्सी किंवा बस, आणि मागच्या सीटवरही बेल्ट.

घरची झोप हा भाग तुमच्या हातात आहे. खोली इतकी अंधारी हवी की स्वतःचा हात दिसू नये. पडद्याला जाड अस्तर लावा आणि कडेच्या फटी चिकटपट्टीने बंद करा. पंखा किंवा एसी सतत चालू राहू द्या, त्याचा एकसारखा आवाज बाहेरचे तुटक आवाज झाकतो. तुटक आवाजच झोप मोडतात: दारावरची बेल, कुकरची शिट्टी, कुरिअरवाला, भांडी घासणाऱ्या बाईंची हाक. तिच्या झोपेच्या वेळेत बेलचं बटण बंद करा आणि कुकर आधी लावून घ्या. लोहगाव, धानोरी, विमाननगर भागातल्या क्रूला हवाई दलाच्या लढाऊ विमानांचा आवाज असतो, आणि गणपतीआधीचे दोन महिने नदीकाठच्या भागांत ढोल-पथकांचा सराव. त्यांना कानात फोमचे इअरप्लग घालण्यावाचून गत्यंतर नाही. ते पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत वीस सेकंद बोटाने धरायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर काही उपयोग होत नाही. झोपण्याआधी मुगाची खिचडी किंवा दही-भात पुरतो, उपाशीपोटीही झोप तुटते.

झोप दोन भागांत घेतली तर चालते: सकाळी चार-पाच तास, आणि पुन्हा रात्री जायचं असेल तर दुपारी उशिरा दीड तास. पुढेही रात्रीच असतील तर सकाळी परतताना गडद गॉगल लावावा, म्हणजे उन्हाने घड्याळ जागं होत नाही. शेवटच्या रात्रीनंतर उलट करायचं. सकाळी दीड ते तीन तासच झोपायचं, मग उठून उन्हात चालून यायचं आणि रात्री साडेनऊ-दहाला अंथरूण गाठायचं. त्या दिवशी पाचपर्यंत झोपली तर रात्र पुन्हा कोरडी जाते आणि सुट्टीचे दोन्ही दिवस वाया जातात.

पुणे बेसच्या पहाटेच्या ड्युट्यांबद्दल लोकांचा समज असतो की रात्र घरी मिळते म्हणजे बरं. नीट बघा. लोहगावला ४:३० चं रिपोर्टिंग असेल तर कोथरूडहून गजर २:४५ चा. सात तास झोपायला पावणेआठला दिवे मालवायला हवेत, आणि वर सांगितलं तसं त्या वेळी मेंदू झोपत नाही. प्रत्यक्षात दहाला डोळा लागतो आणि पावणेपाच तास मिळतात. रोज सव्वादोन तास कमी, अशा चार पहाटा म्हणजे नऊ तासांची उधारी. शिवाय गजर चुकेल या धास्तीने झोप हलकी होते. रात्रपाळीचा थकवा दिसतो, पहाटेच्या ड्युटीचा साचतो. तरीही प्रवासाचे आठ-नऊ तास वाचत असल्यामुळे तुमच्या बाबतीत पुणे बेस बहुधा फायद्याचाच ठरेल, फक्त दोन गोष्टी पाळाव्या लागतील. सलग पहाटा लागल्या की त्या सगळ्या दिवसांत दुपारी घरी परतल्यावर दीड तास झोप, आणि संध्याकाळी सातनंतर घरातले दिवे मंद. पाहुणे आणि लग्नाची रिसेप्शन्स त्या आठवड्यात तिच्याशिवाय.

झोपेच्या गोळीचं उत्तर: स्वतःहून देऊ नका. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्यांचा अंमल काही जणांत दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो, आणि वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या क्लास वन मेडिकलशी (वैद्यकीय तपासणीशी) त्यांचा थेट संबंध येतो. सर्दीच्या साध्या गोळ्यांतही क्लोरफेनिरामिनसारखी गुंगी आणणारी औषधं असतात. मेलाटोनिनसुद्धा कंपनीच्या डॉक्टरांना किंवा विमान वैद्यक तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच, आणि पहिल्यांदा घेऊन बघायचं ते सुट्टीच्या दिवशी. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्रीची झोप फाटते. शिवाय उड्डाणाआधीचे १२ तास ती वर्ज्य आहे आणि ड्युटीआधी श्वासाची तपासणी होते. चांगल्या सात-आठ तासांच्या दोन रात्री मिळूनही ती थकलेली असेल तर मग तपासण्या करा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, थायरॉइड. जोरात घोरत असेल आणि मध्येच श्वास अडखळत असेल तर झोपेची चाचणी.

नियम बदलले आहेत हे खरं आहे आणि बदल चांगले आहेत. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेले सुधारित नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीची व्याख्या ५ ऐवजी ६ वाजेपर्यंत वाढली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर उड्डाणं रद्द झाली, तेव्हा रात्रीच्या काही कलमांतून तात्पुरती सूटही दिली गेली. म्हणून तिने आपल्या मॅन्युअलची चालू आवृत्ती बघावी. केबिन क्रूचे नियम वेगळे असतात.

आणि थकवा असेल तर फटीग रिपोर्ट भरायचा. आजारी असल्याचं कळवून सुटका होते, पण रोस्टरमधला (ड्युट्यांच्या वेळापत्रकातला) दोष नोंदीत येत नाही. 'खूप थकवा आला' एवढ्याने काही होत नाही. गेल्या ७२ तासांत कधी झोपले आणि कधी उठले, रिपोर्टिंग किती वाजता, सेक्टर (उड्डाणाचे टप्पे) किती, विलंब कुठे झाला, कोणत्या वेळी काय चूक घडली किंवा घडता घडता राहिली, आणि त्या वेळी सतर्कता सात पायऱ्यांच्या सॅम-पेरेली मोजपट्टीवर कितवर होती (१ म्हणजे पूर्ण ताजं, ७ म्हणजे काम करण्यापलीकडे दमलेलं), हे सगळं त्यात यायला हवं. एकाच जोडणीवर, म्हणजे एकत्र लावलेल्या उड्डाणांच्या साखळीवर, पाच जणांचे असे रिपोर्ट गेले की ती जोडणी नुसत्या तक्रारींपेक्षा लवकर बदलते.

पुढचे चौदा दिवस फ्रिजवर एक कागद लावा. झोपली कधी, उठली कधी, मधे कशाने उठली, एवढंच दोघींनी लिहायचं. बेस बदलण्याचा अर्ज करताना तोच कागद सोबत जोडता येईल.